माणसं आत राहत असताना वाडा कसा दुरुस्त करायचा? जिनिव्हाच्या 'पॅले दे नासिओं'ची गोष्ट

जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीबद्दल, म्हणजे 'पॅले दे नासिओं'बद्दल (थोडक्यात 'पॅले'), आपल्याला बातम्या मिळतात त्या तुटक तुटक. नूतनीकरणाला ८३ कोटी ६५ लाख स्विस फ्रँक मंजूर. २०२३ मध्ये संपायचं काम लांबलं. त्याच वर्षी सरकते जिने बंद ठेवले, आणि २० डिसेंबर ते १२ जानेवारी तर अख्खी इमारतच बंद ठेवली, कारण सदस्य देशांची वर्गणी वेळेवर आली नव्हती आणि विजेचा, हीटिंगचा खर्च वाचवायचा होता. हे वाचणाऱ्याला साहजिक वाटतं की एका इमारतीच्या दुरुस्तीला एवढा पैसा आणि एवढी वर्षं लागतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

मुरतंय खरं, पण ते बऱ्याच अंशी भिंतीत. ते समजावं म्हणून आधी आमच्या घरचा एक अनुभव सांगतो.

वाईला आमचं जुनं घर आहे. माजघरात एक जास्तीचा प्लग हवा होता, एवढंच काम. इलेक्ट्रिशियनने भिंत फोडायला घेतली आणि पहिल्याच घावाला मूठभर चुना-सुरखी भसकन खाली आली. आत जुन्या लाकडी केसिंग-कॅपिंगमधून गेलेली कापडी वेष्टणाची वायर निघाली. ती कुठून येते आणि कुठे जाते हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. हात लावला की कापड पिठासारखं झडत होतं. त्या रात्री वरच्या मजल्याची वीज बंद ठेवून आम्ही सगळे खाली झोपलो. अर्ध्या दिवसाचं काम अकरा दिवस चाललं. शेवटी गवंड्याने फोडलेल्या भागावर सिमेंटचा गिलावा मारला. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते, सिमेंट तिला कोंडून ठेवतं. पुढच्या पावसाळ्यात तो गिलावा फुगला आणि खपली निघावी तसा निघून आला.

जिनिव्हात अडचण हीच आहे. फक्त तिथलं माजघर सहाशे मीटर लांब आहे.

ही इमारत नेमकी कोणती?

पहिल्या महायुद्धानंतर देशादेशांतले तंटे चर्चेने सुटावेत म्हणून राष्ट्रसंघ स्थापन झाला. संयुक्त राष्ट्रांचा हा पूर्वज. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, तरी राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य होता. संघाला स्वतःची वास्तू हवी होती, म्हणून वास्तुरचनेची स्पर्धा झाली. ३७७ आराखडे आले. परीक्षकांचं एकमत होईना, तेव्हा त्यांनी एक सोडून नऊ पहिली बक्षिसं दिली. शेवटी दोन फ्रेंच, एक इटालियन, एक हंगेरियन आणि एक स्विस अशा पाच जणांनी मिळून इमारत उभी केली. ल कॉर्बुझिए याचा आराखडा बाद झाला. नकाशे ठरवून दिलेल्या शाईत काढलेले नाहीत, असं कारण देण्यात आलं. पुढे चंडीगडचा कॅपिटॉल परिसर ज्याने उभारला तोच हा वास्तुकार.

जागा होती आरियाना उद्यानाची. गुस्ताव रेव्हिलिओ या जिनिव्हाकराने १८९० मध्ये ती शहराच्या नावे केली. आईच्या नावावरून त्याने 'आरियाना' हे नाव ठेवलं होतं, आणि उद्यानात मोर मोकळे फिरले पाहिजेत अशी अट घातली होती. आजही तिथे राजदूतांच्या गाड्यांसमोरून मोर आपल्या चालीने रस्ता ओलांडतात.

७ सप्टेंबर १९२९ ला पायाभरणी झाली. कोनशिलेखाली एक पेटी पुरली. तिच्यात सदस्य देशांची यादी आणि त्यांची नाणी आहेत. १९३६ मध्ये कचेऱ्या हलल्या आणि सप्टेंबर १९३७ मध्ये मोठ्या सभागृहात पहिलं अधिवेशन भरलं. त्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते तिसरे आगा खान, भारताचे प्रतिनिधी. पुण्यातला आगा खान पॅलेस ज्यांनी बांधला तेच. जिनिव्हाचं हे सभागृह पुणेकराला वाटतं तितकं लांबचं नाही.

१९४६ मध्ये राष्ट्रसंघ बरखास्त झाला आणि इमारत संयुक्त राष्ट्रांकडे आली. काम वाढलं तशी जागा अपुरी पडू लागली, म्हणून १९६८ ते १९७३ या काळात 'ई' नावाची मोठी इमारत आणि तिचा मनोरा जोडला गेला. आज सगळं मिळून चौतीस सभागृहं आणि सुमारे अठ्ठावीसशे खोल्या होतात.

एवढी भक्कम इमारत, मग बिघडलं काय?

दगड बिघडला नाही. बिघडतं ते दगडाच्या आतलं. इमारतीला माणसासारखं समजा. हाडं शंभर वर्षं टिकतात, पण रक्तवाहिन्या आणि नसा तेवढ्या टिकत नाहीत. पाण्याचे नळ, विजेच्या तारा, हीटिंगच्या नळ्या, हवेचे मार्ग यांचं आयुष्य तीस-चाळीस वर्षांचं. पॅलेमध्ये १९३० च्या दशकातल्या अनेक गोष्टी ऐंशी वर्षं चालवल्या गेल्या, आणि बिघडेल तिथे ठिगळ लावलं गेलं.

त्यातली आगीची बाब मला सगळ्यात गंभीर वाटते. जुन्या भव्य इमारतींचं सौंदर्य त्यांच्या लांबच लांब व्हरांड्यांत आणि उघड्या जिन्यांत असतं. धुरालाही नेमकं तेच आवडतं. उघडा जिना म्हणजे धुराडं. खाली चूल पेटली की वरचा मजला धुराने भरतो, हे माडीवर झोपलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आगीत बहुतेक माणसं ज्वाळांनी दगावत नाहीत, धुराने गुदमरतात. म्हणून आजचे नियम इमारतीचे 'अग्निकप्पे' करायला सांगतात. अग्निकप्पा म्हणजे असा भाग, ज्याच्या भिंती, दारं आणि छत आगीला ठरावीक वेळ रोखून धरतील आणि तेवढ्यात माणसं बाहेर पडतील. नव्या इमारतीत हे नकाशातच करता येतं. जुन्या इमारतीत मात्र संगमरवरी व्हरांड्याच्या मधोमध दार बसवायचं, ते एरवी दिसू द्यायचं नाही, आणि घंटा वाजली की ते आपोआप मिटलं पाहिजे.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा ती चौथ्या मजल्यावरून वर चढली, वरचे मजले जळाले, माणसं गेली, खात्यांच्या फाइली राख झाल्या. तो धूर आपण टीव्हीवर तासन् तास पाहिला. कचेरीच्या इमारतीत अग्निसुरक्षेवर एवढा खर्च कशाला, असं कुणी विचारलं की मला तो दिवस आठवतो.

दुसरी बाब अॅस्बेस्टॉसची. आपण त्याला पत्र्यामुळे ओळखतो. विसाव्या शतकात हा तंतुमय खनिज पदार्थ जगभर भिंतींत, छतांत, नळ्यांच्या वेष्टणांत वापरला गेला, कारण तो स्वस्त असतो आणि जळत नाही. जागच्या जागी निवांत असेपर्यंत तो फारसा त्रास देत नाही. पण कापला किंवा फोडला की त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात, फुप्फुसात रुततात, आणि कितीतरी वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. म्हणजे आमच्या माजघरासारखा 'एक घाव घालून बघू' हा मार्गच बंद. आधी नमुने तपासायचे, मग तो भाग प्लास्टिकने हवाबंद करायचा, आतली हवा खेचून गाळून सोडायची, आणि अंगभर पोशाख घातलेल्या माणसांनी तुकडा तुकडा काढायचा. शेजारच्या खोलीत त्याच वेळी कदाचित युद्धबंदीची बोलणी चालू असतील.

कान, डोळे आणि चाकाची खुर्ची

ही इमारत उभी राहिली तेव्हा राष्ट्रसंघाचं काम मुख्यतः फ्रेंच आणि इंग्रजीत चालायचं. बरेचदा वक्ता बोलून थांबायचा, मग दुभाषी उभा राहून तेच दुसऱ्या भाषेत सांगायचा. आज सहा अधिकृत भाषा आहेत: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. वक्ता बोलत असतानाच दुभाषी काचेच्या खोलीत बसून कानात भाषांतर सांगतात.

आता ती काचेची खोली डोळ्यांसमोर आणा. आत दोन-तीन माणसं दिवसभर बसणार. बाहेरचा आवाज आत येता कामा नये, शेजारच्या खोलीतला तर मुळीच नको. वक्त्याचे ओठ दिसले पाहिजेत. हवा खेळती हवी, पण पंख्याची घरघर माइकमध्ये जायला नको. या खोल्यांच्या लांबी-रुंदीचेही आंतरराष्ट्रीय नियम आहेत. आणि ही खोली जिथे बसवायची ती भिंत १९३६ सालची, तिच्यावर कदाचित एखाद्या देशाने भेट दिलेलं लाकडी नक्षीकाम. सोन्याच्या दागिन्यात घड्याळाचं यंत्र बसवण्याइतकं हे नाजूक काम आहे.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ मध्ये झाला. त्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारी समिती जिनिव्हातच भरते. आणि ती जिथे भरते त्या वास्तूत चाकाच्या खुर्चीवरून सगळीकडे पोचता येत नव्हतं. हक्कांची चर्चा करायला आलेल्या माणसाला दारातच चार पायऱ्या अडवतात, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही. नूतनीकरणाच्या यादीत उतार, लिफ्ट आणि रुंद दारं आहेत, ती चैन म्हणून नाहीत.

माणसं कुठे न्यायची? खरं कोडं इथे आहे

चौकटीत पंधरा सोंगट्या आणि एकच घर रिकामं, असं एक कोडं लहानपणी सगळ्यांनी खेळलेलं असतं. ते एक रिकामं घर नसेल तर एकही सोंगटी हलत नाही. चालू कचेरीच्या दुरुस्तीत त्या रिकाम्या घराला 'स्विंग स्पेस' म्हणतात, म्हणजे काम चालू असताना माणसांना तात्पुरतं बसवायची जागा. जगभरच्या अशा प्रकल्पांत पैसा आणि वेळ सगळ्यात जास्त याच प्रश्नाभोवती जातो, आणि बातमीत याचाच उल्लेख नसतो.

न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला २००६ मध्ये सुमारे १८७ कोटी डॉलर मंजूर झाले. तिथे आधी काही मजले रिकामे करून टप्प्याटप्प्याने जायचा विचार होता. मग लक्षात आलं की खाली घण पडत असताना वर कचेरी चालत नाही, आणि मुदतही हाताबाहेर जाते. अखेर ३९ मजली इमारतीतली माणसं भाड्याच्या जागांत हलवली, सभांसाठी हिरवळीवर तात्पुरती इमारत उभारली आणि काम वेगाने केलं. वेळ वाचला, भाडं मात्र भरावं लागलं. भाडं एकदा गेलं की गेलं.

जिनिव्हाने दुसरा रस्ता धरला. आधी 'एच' नावाची नवी कायमची इमारत बांधली. ती २०२१ मध्ये तयार झाली. जुन्या वास्तूची एकेक बाजू रिकामी करायची, माणसं 'एच'मध्ये बसवायची, ती बाजू दुरुस्त झाली की पुढची घ्यायची. सभांसाठी 'टेम्पस' नावाचं तात्पुरतं सभागृह उभारलं. सगळी कामं उरकली तरी 'एच' कामाला येणारच, तिथे घातलेला पैसा भाड्यासारखा वाहून जात नाही. मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. त्याची किंमतही आहे: एक बाजू अडली की मागची सगळी रांग अडते. भिंतीत न दिसलेलं काही निघालं, महामारी आली, वर्गणी थकली, की सोंगट्या जागच्या जागी थांबतात. मुदत वाढल्याच्या बातमीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

'ई' इमारतीचं प्रकरण वेगळं आहे. मनोऱ्याचे वरचे सात मजले उतरवायचे असं ठरलं, म्हणजे वरून खाली सुटे करून काढायचे. आणि त्याच इमारतीत विसाव्या क्रमांकाचं, मानवाधिकार परिषदेचं सभागृह आहे. स्पॅनिश चित्रकार मिकेल बार्सेलो याने २००८ मध्ये त्याच्या घुमटावर टनावारी रंग फवारला. छतावरून रंगाचे लोलक लोंबतात, एखाद्या गुहेत बसल्यासारखं वाटतं. सुरुंग लावून मनोरा पाडणं सोपं झालं असतं. पण हादरा त्या छतापर्यंत पोचू द्यायचा नाही, म्हणून असं हळूहळू उतरवायचं.

त्यापेक्षा पाडून नवीनच का बांधलं नाही?

आपल्याकडे पुनर्विकासाची इतकी सवय झालीय की हा प्रश्न आधी येतो. इतिहासाचं मोल तर आहेच, पण साधा हिशोबही आहे. त्या दगडात, लोखंडात, काँक्रीटमध्ये एकदा इंधन जाळून झालेलं आहे. पाडलं की ते फुकट जातं, आणि नवं बांधताना पुन्हा तेवढंच, कदाचित जास्त, जाळावं लागतं. हाडं भक्कम असतील तर नसा बदलणं शहाणपणाचं.

उलट बाजूने असंही विचारतात की जुनी इमारत ऊर्जा खात नाही का? खाते. एकेरी काचेच्या खिडक्यांतून उष्णता निघून जाते, जिनिव्हाच्या थंडीत फाटकी घोंगडी पांघरून झोपावं तशी. म्हणून २०१० च्या तुलनेत ऊर्जेचा वापर निदान पंचवीस टक्के कमी करायचं उद्दिष्ट ठेवलं. खिडक्यांच्या चौकटी दिसायला तशाच ठेवून थंडी अडवायची. शिवाय जिनिव्हा सरोवराचं खोलातलं गार पाणी नळ्यांतून आणून परिसरातल्या इमारती थंड करायची व्यवस्था आहे. फ्रीज नव्हते तेव्हा आपल्याकडे दुधाची चरवी दोराने विहिरीत सोडून ठेवायचे. तत्त्व तेच, फक्त इथे चरवीऐवजी इमारत आहे.

सभा ऑनलाइन होतात, मग इमारत हवी कशाला?

महामारीच्या काळात हा प्रश्न जोरात विचारला गेला, आणि तो रास्त आहे. पण वाटाघाटी करणाऱ्यांना विचारलं तर ते एकच सांगतात, की भाषणं पडद्यावर होतात, तडजोड व्हरांड्यात होते. दोन देशांचे प्रतिनिधी व्यासपीठावर एकमेकांशी बोलणार नाहीत, पण कॉफीच्या रांगेत बोलतील. शिवाय अर्धी माणसं समोर आणि अर्धी पडद्यावर अशी सभा घ्यायची तर जास्त तारा, जास्त कॅमेरे आणि जास्त वीज लागते, कमी नाही. ऑनलाइन सभांमुळे जुन्या भिंतींवरचा भार उलट वाढला आहे.

बदललं ते कचेरीचं. पूर्वी पदाप्रमाणे स्वतंत्र खोली, दारावर नाव. आता मोकळे मजले, सामायिक टेबलं, सामानाला कपाट. नव्या इमारतीची आखणीच तशी आहे. जुन्या खोल्यांत मात्र भिंती काढायच्या की ठेवायच्या यावर खोलीगणिक वाद आहे. माझं मत विचाराल तर प्रत्येक भिंत वाचवायचा हट्ट नको. पण सभेची दालनं, जिने, मोठे व्हरांडे यांना हात लावताना दहादा विचार व्हावा.

एवढा पैसा गरिबांना का देत नाहीत?

हा आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून टाळू नये. पैसा सदस्य देशांच्या वर्गणीतून येतो. भारताचा वाटा साधारण एक टक्का, म्हणजे यात आपलाही रुपया आहे. २०१५ च्या डिसेंबरात आमसभेने योजना मंजूर केली, त्यात यजमान स्वित्झर्लंडने ४० कोटी फ्रँकचं बिनव्याजी कर्ज दिलं. काही देशांनी एकेक सभागृह स्वतःच्या खर्चाने करून दिलं. एकोणिसाव्या क्रमांकाचं मोठं सभागृह कतारने करून दिलं.

दुरुस्ती केली नाही तर पैसा वाचत नाही. तो गळक्या नळात, वाया जाणाऱ्या उष्णतेत, रोजच्या ठिगळांत जातो. कौलं शाकारायचं वर्षानुवर्षं पुढे ढकललं की एक दिवस वासा बदलावा लागतो. पॅलेची मोठी दुरुस्ती कैक दशकं पुढे ढकलली गेली, त्या उधारीचं व्याज या रकमेत आहे. गरिबांसाठीचे ठराव, निर्वासितांची मदत, लस आणि रोगराईवरची बोलणी यांतलं बरंच काही याच वास्तूत ठरतं. दरवर्षी जूनमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदही इथे भरते. गिरणगावातल्या कामगारांसाठी आयुष्य घालवणारे ना. म. जोशी या परिषदेच्या १९१९ च्या पहिल्या अधिवेशनाला भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले होते. ते अधिवेशन वॉशिंग्टनला झालं, तेव्हा हा महाल उभाही नव्हता.

मग हे कायमचं झालं का?

नाही. स्वित्झर्लंडच्या त्या कर्जाचे दोन भाग आहेत. जुन्या वास्तूच्या दुरुस्तीचे पैसे तीस वर्षांत फेडायचे, नव्या 'एच' इमारतीचे पन्नास वर्षांत. 'ई' इमारत १९७३ मध्ये पूर्ण झाली आणि अवघ्या बेचाळीस वर्षांनी तिच्या नूतनीकरणाची योजना मंजूर झाली. 'एच'चा शेवटचा हप्ता भरला जाईल तेव्हा तिचं वय 'ई'च्या त्या वेळच्या वयापेक्षाही जास्त असेल. आज तिच्या भिंतींतून जाणाऱ्या प्रत्येक तारेची आणि नळीची जागा कागदावर नीट नोंदवून ठेवली असेल, तर त्या वेळच्या इलेक्ट्रिशियनला भिंत फोडून बघावं लागणार नाही.